दूध संस्थांचं सॉफ्टवेअर: सर्व्हरवर काय ठेवावं, लॅम्डात काय टाकावं?

दूधगंगाकाठ | ८ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र, दोघं मिळून दूध संकलनाचं सॉफ्टवेअर चालवतो. बेळगावात अनगोळला एक खोली आहे, तेच ऑफिस. निपाणी, चिकोडी आणि खानापूर तालुक्यांतल्या १४० संस्था आमच्याकडे आहेत, उत्पादक ९,००० च्या आसपास. सकाळ पाळी आणि संध्याकाळ पाळी, दोन्ही वेळा दीड-दीड तास धांदल असते, बाकी दिवसभर शांत. संस्थेतल्या मशीनवर वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) आलं की नोंद आमच्याकडे येते, दर तक्त्याप्रमाणे रक्कम निघते आणि उत्पादकाला मेसेज जातो. दर दहा दिवसांनी बिलं.

तीन वर्षं हे सगळं एकाच ईसीटू सर्व्हरवर, म्हणजे ॲमेझॉनकडून भाड्याने घेतलेल्या मशीनवर होतं. त्यातच पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस), त्यातच सगळा कोड. मार्चमध्ये आम्ही ठरवलं की सेवा वेगळ्या करायच्या: नोंद घेणारी वेगळी, मेसेजची वेगळी, बिलाची वेगळी. दिवसातले एकवीस तास सर्व्हर रिकामा बसतो, त्याचं भाडं कशाला भरायचं, म्हणून पोस्टग्रेस सोडून बाकी सगळं लॅम्डावर नेलं, म्हणजे काम आलं की तेवढ्यापुरता कोड (‘फंक्शन’) चालवणाऱ्या ॲमेझॉनच्याच सेवेवर. तीन महिने सुरळीत चाललं.

परवा जांबोटी-कणकुंबी भागात रात्रभर पाऊस होता, पहाटे वीज गेली. मशीन बॅटरीवर चालतात, त्यामुळे दूध घ्यायचं थांबलं नाही, पण नेट बंद, म्हणून नोंदी मशीनमध्येच साठत गेल्या. सात वाजून गेल्यावर वीज आली आणि साठेक संस्थांनी साठलेलं सगळं एकदम पाठवलं. तीनेक हजार नोंदी एका-दीड मिनिटात. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये एकच ओळ पानंच्या पानं: ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’.

बऱ्याच जणांना एकाच दुधाचे दोन-तीन मेसेज गेले. आणि २१४ नोंदी आल्याच नाहीत. त्या आम्ही दुसऱ्या दिवशी संस्थांना फोन करून मशीनमधून परत मागवल्या. सचिव मंडळी चांगली आहेत, कुणी तोडून बोललं नाही. पण ज्याच्या दुधाची नोंद गहाळ झाली त्याच्या दारात सचिवाला उभं राहावं लागतं, आम्हाला नाही. ते मनाला लागलंय.

आता प्रश्न असा की परत सगळं सर्व्हरवर न्यावं, की दोन्ही ठेवावं? दोन्ही ठेवायचं तर रेघ कुठे ओढायची?

---

उद्यमबाग_फाउंड्री | ८ जुलै, रात्री ११:१५

साहेब, आधी हिशोब करा. ९,००० नोंदी दीड तासात, म्हणजे ५,४०० सेकंदांत. सेकंदाला दोन नोंदीसुद्धा होत नाहीत. एवढ्याला एक बारका सर्व्हर लई झाला. आमच्या इथे फाउंड्रीत दर हीटची (भट्टीच्या एका खेपेची) नोंद, कास्टिंगचं वजन, रिजेक्शन, तिन्ही पाळ्यांची हजेरी, सगळं एकाच मशीनवर चालतं. सेवा वेगळ्या केल्या की त्यांच्यामधला रस्ता सांभाळायचं काम वाढतं, आणि तुम्ही दोघंच आहात. तीन वर्षं जे चाललं ते मोडलंत कशाला?

---

पुण्यातला_बेळगावकर | ८ जुलै, रात्री ११:५२

फाउंड्रीवाल्या काकांचा हिशोब बरोबर आहे, पण तो सरासरीचा झाला. परवा सकाळी आलं ते सेकंदाला तीस-चाळीस. तेही एका सर्व्हरला जड नाही, पण त्यासाठी नोंदी थोपवून हळूहळू आत सोडणारं काहीतरी मध्ये हवं. तेच तुमच्याकडे नव्हतं.

घडलं ते असं. लॅम्डाच्या एका प्रतीत एका वेळी एकच विनंती चालते. चारशे नोंदी एकदम आल्या तर चारशे प्रती उभ्या राहतात, आणि प्रत्येक प्रत पोस्टग्रेसशी स्वतःचं वेगळं कनेक्शन उघडते. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची, त्यातली तीन सुपरयूजरसाठी राखीव. शिवाय तिथे प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक स्वतंत्र प्रोसेस, त्यामुळे ही मर्यादा ५०० करून ठेवली तर छोट्या सर्व्हरची मेमरी संपते. लॅम्डाला एका रीजनमध्ये साधारण १,००० प्रतींपर्यंत वाढायची मुभा असते. एका बाजूला हजार, दुसऱ्या बाजूला शंभर. पेट्रोल पंपावर दोन नोझल आणि रस्त्यावर अख्खी वरात, असं झालं.

आज रात्रीपुरता उपाय सांगतो, नाहीतर उद्या वीज गेली की परत तेच. नोंद घेणाऱ्या फंक्शनला रिझर्व्ह्ड कॉन्करन्सी ४० लावा. चाळीसच्या वर प्रती उभ्याच राहणार नाहीत. तुम्ही फंक्शन असिंक पद्धतीने (उत्तराची वाट न बघता) बोलावत असाल तर वरच्या विनंत्या फेकल्या जात नाहीत, आत थांबतात आणि सहा तासांपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो. कोडला हात लावायची गरज नाही. बाकीचं सावकाश बोलू.

---

दूधगंगाकाठ | ९ जुलै, रात्री १२:२०

लावलं दादा. हो, असिंकच आहे. मशीनला लगेच ‘मिळालं’ असं उत्तर जावं म्हणून तसं केलं होतं.

मेसेज दोन-तीनदा का गेले ते मात्र अजून कळत नाही. पाठवायची ओळ कोडमध्ये एकदाच आहे, चार वेळा तपासली.

---

खानापूरची_लेक | ९ जुलै, सकाळी ९:०५

माझं सासर जांबोटीजवळ. मी घरूनच एका कंपनीचं टेस्टिंगचं काम करते. हा धागा वाचला आणि उठून सासूबाईंचा फोन बघितला. त्यांची एक म्हैस आहे, संस्थेत दूध घालतात. त्या दिवशीचे तीन मेसेज आहेत, तिन्ही अक्षर न अक्षर सारखे: स.पा. म्हैस, ४.२ लिटर, फॅट ६.८. वेळा अशा: ७:१२, ७:१३, ७:१५.

सासूबाईंना वाचता येत नाही, पण मेसेजचा आवाज तीनदा झालेला त्यांच्या लक्षात आहे. मला म्हणाल्या, “तीनदा लिवलंय जणू, बिलातनं कापून घेणार न्हवं?” जास्तीचे पैसे मिळतील असं त्यांच्या मनातही आलं नाही, चुकून आलेलं परत जाईल याचीच काळजी. मी समजूत घातली. पण दादा, ह्या मेसेजवर माणसं किती विसंबून असतात ते तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहितेय. आधी कागदी पावती असायची, आता हाच मेसेज म्हणजे पावती.

---

पुण्यातला_बेळगावकर | ९ जुलै, सकाळी ९:४०

ताई, तुम्ही वेळा दिल्यात तिथेच उत्तर सापडलं.

७:१२, मग एका मिनिटाने, मग दोन मिनिटांनी. असिंक पद्धतीने बोलावलेलं फंक्शन चुकलं तर लॅम्डा आपणहून दोनदा पुन्हा चालवतं: पहिल्यांदा एक मिनिट थांबून, दुसऱ्यांदा दोन मिनिटं थांबून. मूळचा एक आणि हे दोन, झाले तीन.

दूधगंगाकाठ, तुमच्या फंक्शनमध्ये आधी मेसेज जातो आणि मग डेटाबेसमध्ये नोंद होते, बरोबर ना? मेसेज गेला, पुढे कनेक्शन मिळालं नाही, फंक्शन चुकलं. एका मिनिटाने परत पहिल्या ओळीपासून सुरू, म्हणजे परत मेसेज. कोडमध्ये ओळ एकच आहे, पण ती तीनदा चालली. आणि तिसऱ्यांदाही चुकलं की ती नोंद टाकून दिली जाते. चुकलेल्या नोंदी जमा करायला डेड लेटर क्यू लावला नसेल तर तिचा मागमूसही राहत नाही. तुमच्या २१४ नोंदी तिथे गेल्या.

म्हणजे सासूबाईंना तीन मेसेज आले त्या अर्थी त्यांची नोंद एकतर तिसऱ्या खेपेला बसली, नाहीतर त्या २१४ मध्ये असणार. तेवढं आधी बघा.

---

दूधगंगाकाठ | ९ जुलै, सकाळी १०:३०

बघितलं. त्या २१४ मध्येच होती. संस्थेकडून परत आली, बिलात बरोबर धरली आहे. ताई, सासूबाईंना सांगा, एक पैसाही इकडचा तिकडे होणार नाही. आणि माझ्याकडून त्यांची माफी मागा.

आधी मेसेज, मग नोंद, हेच केलं होतं. उत्पादक काट्यासमोर उभा असतानाच त्याच्या फोनवर आकडा यावा, ही हौस.

---

मच्छे_सातवं_सेम | ९ जुलै, दुपारी १:१०

सर, मी इंजिनिअरिंगला आहे, चुकलं तर सांगा. २०२३ मध्ये प्राइम व्हिडिओच्या टीमने लिहिलं होतं की त्यांनी व्हिडिओचा दर्जा तपासणारी सेवा स्टेप फंक्शन्स (कामाच्या पायऱ्या जोडणारी सेवा) आणि लॅम्डावरून काढून ईसीएसवर (कायम चालू राहणाऱ्या कंटेनरवर) एकत्र आणली आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त कमी झाला. मग लॅम्डा वापरायचंच कशाला?

---

पुण्यातला_बेळगावकर | ९ जुलै, दुपारी २:००

तो लेख पूर्ण वाच, फार शिकण्यासारखा आहे. त्यांचं काम अखंड चालणारं होतं. चालू असलेल्या प्रत्येक व्हिडिओच्या प्रत्येक सेकंदाला अनेक पायऱ्या, आणि स्टेप फंक्शन्समध्ये पायरीगणिक पैसे. शिवाय चित्रं एका सेवेकडून दुसरीकडे देताना मध्ये एसथ्रीमध्ये (ॲमेझॉनचं फाइलींचं कोठार) ठेवायची आणि परत उचलायची. एकाच मशीनच्या मेमरीत हे सगळं फुकट होतं.

दुधाचं तसं नाही. दूधगंगाकाठांचा हिशोब मांडून दाखवतो. ९,००० नोंदी, दोन पाळ्या, तीस दिवस: महिन्याला ५ लाख ४० हजार. अर्धा जीबी मेमरी आणि ३०० मिलिसेकंद धरले तर ८१,००० जीबी-सेकंद (मेमरी गुणिले वेळ). लॅम्डाची मोफत मर्यादा महिन्याला १० लाख विनंत्या आणि ४ लाख जीबी-सेकंद. सगळं मोफतच्या आत. पैसे तिथे जात नाहीत, भलतीकडे जातात.

जातात कुठे? डेटाबेस खासगी सबनेटमध्ये असेल तर तिथे पोचायला फंक्शन व्हीपीसीत (आपल्या खासगी नेटवर्कमध्ये) ठेवावं लागतं. व्हीपीसीतल्या फंक्शनला बाहेरचं इंटरनेट मिळत नाही. मेसेजवाल्याच्या एपीआयला जायचं म्हणजे नॅट गेटवे, आतून बाहेर जायचा दरवाजा, आला. अमेरिकेतल्या दराने तो तासाला ०.०४५ डॉलर, महिन्याला ३३ डॉलरच्या आसपास, डेटाचे पैसे वेगळे. त्याच दरपत्रकात टीथ्री-स्मॉल ह्या छोट्या सर्व्हरचं महिन्याचं भाडं १५ डॉलर. सर्व्हरचं भाडं वाचवायला गेलात आणि दुप्पट भाड्याचा दरवाजा बसवलात. तुमच्याकडे आहे का नॅट गेटवे?

---

दूधगंगाकाठ | ९ जुलै, दुपारी २:२५

आहे. बिल वाढलेलं दिसत होतं, ते मेसेजचं समजत होतो.

---

चिकोडीकर | ९ जुलै, संध्याकाळी ७:३०

माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे, म्हणून लिहितो. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं काम बघतो. गळीत हंगाम सुरू झाला की काटा चोवीस तास चालतो. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, रात्री दोनलासुद्धा गव्हाणीसमोर रांग असते. तिथे लॅम्डाचा विचारही केला नाही. काम सलग आहे, तिथे सर्व्हरच स्वस्त, शिवाय काट्याच्या स्क्रीनशी कनेक्शन कायम उघडं ठेवावं लागतं, ते फंक्शनला जमत नाही. हंगाम संपला की सर्व्हर बंद करून ठेवतो. बंद सर्व्हरचं भाडं नाही, फक्त डिस्कचं लागतं. आणि पत्ता राखून ठेवला असेल तर त्याचंही, फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर आहेत.

पण टोळीवाल्यांना पंधरवड्याचं बिल मिळाल्याचा मेसेज आणि शेतकऱ्यांच्या ऊस पावत्यांचे पीडीएफ, हे मी फंक्शनवरच ठेवलंय. महिन्यातून दोनदा येणारं काम, त्यासाठी मोठा सर्व्हर कशाला पोसायचा? म्हणजे एकाच कारखान्यात दोन्ही आहेत आणि एकमेकांच्या आड येत नाहीत.

---

उद्यमबाग_फाउंड्री | ९ जुलै, रात्री ८:१०

हे पटलं. फंक्शनला माझा विरोध नाही, डेटाबेसच्या दारात फंक्शनांची गर्दी करायला विरोध आहे. भट्टीतून एकदम धातू निघतो, म्हणून आपण सगळे साचे एकदम भट्टीखाली धरत नाही. लॅडलमध्ये (मोठ्या पळीत) घेतो आणि एकेक साचा भरतो.

---

पुण्यातला_बेळगावकर | ९ जुलै, रात्री १०:०५

काका, तुमचा लॅडल म्हणजेच क्यू, नोंदींची रांग. आता सविस्तर लिहितो.

रेघ कुठे ओढायची, तर माझ्या मते डेटाबेसला जो हात लावतो तो सर्व्हरवर, आणि जो लावत नाही तो फंक्शनमध्ये. सेवा किती आणि कुठल्या भाषेत, हे सगळं त्यानंतर.

मशीनची नोंद एपीआय गेटवेवर (बाहेरच्या विनंत्या घेणारं ॲमेझॉनचं दार) येऊ द्या आणि तिथून थेट एसक्यूएसमध्ये (ॲमेझॉनचा क्यू) जाऊ द्या, मध्ये फंक्शनसुद्धा नको. नोंद क्यूत पडली की मशीनला ‘मिळालं’. वीज आल्यावर तीन हजार नोंदी एकदम आल्या तरी क्यूला फरक पडत नाही. सर्व्हरवर एक साधा वर्कर चालू ठेवा. तो २० सेकंदांच्या लाँग पोलिंगने, म्हणजे नोंद यायची वाट बघत थांबून, क्यू बघत राहील, दहा-दहा नोंदी उचलेल, दर लावेल, पोस्टग्रेसमध्ये लिहील. त्याला चार-पाच कनेक्शन पुरतात. तीन हजार नोंदींना दोन-तीन मिनिटं लागली तर लागू देत. याचा आणखी एक फायदा असा की सर्व्हर अपडेट करायला दुपारी बंद केला तरी एकही नोंद जात नाही. एसक्यूएस मुळात चार दिवस सांभाळतो, १४ दिवसांपर्यंत वाढवता येतं.

नोंद पक्की झाली की वर्कर मेसेजचा मजकूर दुसऱ्या क्यूत टाकेल. त्या क्यूवर लॅम्डा. हे फंक्शन डेटाबेसकडे जात नाही, म्हणून व्हीपीसीत ठेवायची गरज नाही, म्हणून नॅट गेटवेही नको. काढून टाका. मेसेजवाला एका वेळी किती विनंत्या झेलतो ते बघून त्या क्यूच्या ट्रिगरवर मॅक्सिमम कॉन्करन्सी (एका वेळी जास्तीत जास्त किती प्रती) लावा, कमीत कमी २ लावता येते, ५ पासून सुरुवात करा. आणि क्यूचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला मेसेज इतरांना न दिसण्याचा काळ) फंक्शनच्या कमाल वेळेच्या सहापट ठेवा. मुळात तो ३० सेकंद असतो. फंक्शन तेवढ्यात संपलं नाही तर तोच मेसेज दुसऱ्या प्रतीच्या हातात पडतो आणि पुन्हा तीच तक्रार.

दोन्ही क्यूंना डेड लेटर क्यू हवाच, आणि त्यात एक जरी नोंद पडली तरी तुमच्या फोनवर सूचना यायला हवी.

एक ध्यानात ठेवा. साधा एसक्यूएस एखादी नोंद क्वचित दोनदा देऊ शकतो, ते त्याच्या नियमातच आहे. म्हणून प्रत्येक नोंदीला ओळख हवी: संस्था, उत्पादक क्रमांक, तारीख, पाळी. यावर युनिक इंडेक्स (तीच ओळख दुसऱ्यांदा न घेणारा नियम) करा आणि ‘इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ वापरा. दुसऱ्यांदा आली तर गपचूप सोडून द्यायची.

---

खानापूरची_लेक | १० जुलै, सकाळी ८:१५

दादा, ही ओळख पुरणार नाही. आमच्या शेजारी गाय आणि म्हैस दोन्ही आहेत. एकाच पाळीला दोन कॅन घेऊन जातात, एकाच नंबरवर. तुमच्या इंडेक्समध्ये दुसरा कॅन दुबार समजून जाईल.

दूध प्रकार घातला तरी भागत नाही. एका घरात चार म्हशी असतील तर म्हशीचंच दूध दोन खेपांत येतं, मुलगा आधी आणि सून मागून.

---

पुण्यातला_बेळगावकर | १० जुलै, सकाळी ८:५०

ताई, शंभर टक्के बरोबर. मी पुण्यात बसून इंडेक्स ठरवतोय, कॅन तुम्ही बघताय. मशीन स्वतःचा पावती नंबर देतं का? संस्था, मशीन नंबर आणि पावती नंबर, एवढंच ओळख म्हणून घ्या. बाकीचं फक्त माहिती म्हणून.

---

दूधगंगाकाठ | १० जुलै, सकाळी ११:२०

देतं, पण दर एक एप्रिलला पावती नंबर एकपासून सुरू होतो. आर्थिक वर्षही घालतो.

दुरुस्तीचं काय करू? सचिवाने फॅट चुकून ८.६ टाकला, मग ६.८ केला, तर मशीन त्याच पावती नंबरने परत पाठवतं. ‘डू नथिंग’ केलं तर चुकीचा आकडा तसाच राहील. आणि साध्या क्यूत दुरुस्ती आधी आणि मूळ नोंद मागून आली तर?

---

पुण्यातला_बेळगावकर | १० जुलै, दुपारी १२:४०

मशीनने नोंद केल्याची वेळ सोबत येऊ द्या आणि वेळ नवी असेल तरच जुनी पुसा, म्हणजे ‘डू नथिंग’ऐवजी अटीसह ‘डू अपडेट’. मग कुठलीही आधी येऊ दे. जुनी नोंद वेगळ्या टेबलात जपा, फॅट कुणी कधी बदलला हे संस्थेच्या ऑडिटला लागतं. फिफो (आल्या क्रमाने देणारा) क्यू घेऊन हे सुटेल असं वाटेल, पण त्याचं दुबार ओळखणं ५ मिनिटांपुरतंच असतं. पहाटेची नोंद मशीनने सात वाजता परत पाठवली तर तो ओळखणार नाही.

मेसेजच्या फंक्शनबद्दलही स्पष्ट सांगतो. मेसेज गेला आणि ‘गेला’ अशी खूण करायच्या आत फंक्शन मेलं, तर तो दुसऱ्यांदा जाणारच. मेसेजवाला तुमचा संदर्भ क्रमांक घेऊन दुबार ओळखत असेल तर पावतीची ओळखच तिथे द्या. नसेल तर हजारात एखादा दुबार मेसेज स्वीकारावा लागेल. नोंद मात्र दुबार होणार नाही.

---

चिकोडीकर | १० जुलै, दुपारी ३:३०

मेसेजच्या लांबीकडे लक्ष द्या. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा, पण मराठी किंवा कन्नड झाला की एका भागात ७० च अक्षरं, आणि भाग जास्त झाले की प्रत्येकी ६७. काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘म्हैस’ ह्या शब्दाचीच पाच होतात. ७१ वं अक्षर आलं की दोन मेसेजचे पैसे. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांमुळे साचा आधी नोंदवावा लागतो, म्हणून नोंदवण्याआधीच मोजून घ्या. आम्ही आधी नोंदवला आणि मग मोजला, परत सगळं करावं लागलं.

---

मच्छे_सातवं_सेम | १० जुलै, संध्याकाळी ६:००

बिलं सर्व्हरवर की फंक्शनवर? ९,००० बिलं एका फंक्शनमध्ये १५ मिनिटांत होतील का?

---

दूधगंगाकाठ | १० जुलै, रात्री ९:४५

एकात नाही. लॅम्डाची कमाल मर्यादा १५ मिनिटांचीच. आम्ही संस्थेमागे एक असे १४० निरोप क्यूत टाकतो, प्रत्येक फंक्शन आपल्या संस्थेची ६०-७० बिलं करतं. सर्व्हरवर पूर्वी ह्याला पाऊण तास लागायचा आणि तेवढ्यात सकाळ पाळी सुरू झाली की दोन्ही रखडायचं. आता सहा-सात मिनिटांत उरकतं. फक्त आता बिलाचे आकडे सर्व्हरनेच काढून निरोपासोबत द्यायचे, म्हणजे फंक्शन डेटाबेसकडे जाणार नाही. एका निरोपात मावलं नाही तर एसथ्रीत ठेवून पत्ता द्यायचा.

फॉन्टने मात्र आमचे चार दिवस खाल्ले. लॅम्डाच्या वातावरणात देवनागरी फॉन्ट नसतोच. पहिल्या बिलावर सगळीकडे चौकोन. फॉन्ट घातला तर ‘लक्ष्मण’चा ‘क्ष्म’ सुटा पडला, ‘निपाणी’ची पहिली वेलांटी ‘न’च्या उजवीकडे जाऊन बसली. पीडीएफ लायब्ररी अक्षरं जोडत नव्हती, नुसती एकापुढे एक मांडत होती. शेवटी हार्फबझवर (अक्षरं नीट जोडणारं साधन) चालणारी लायब्ररी घेतली, नोटो देवनागरी आणि नोटो कन्नड दोन्ही फॉन्ट कंटेनर इमेजमध्ये घातले. आपल्याकडे एकाच संस्थेत अर्धी बिलं मराठीत आणि अर्धी कन्नडमध्ये लागतात, त्यामुळे दोन्ही तितकीच नीट यायला हवीत. माणसाचं नाव त्याच्या बिलावर मोडकं छापून चालत नाही.

---

खानापूरची_लेक | १० जुलै, रात्री १०:३०

टेस्टिंगवाली म्हणून एक विचारते. तारीख कोण ठरवतं? मशीन, की फंक्शन?

---

दूधगंगाकाठ | १० जुलै, रात्री १०:५०

फंक्शन. नोंद आली त्या दिवसाची तारीख. का?

---

खानापूरची_लेक | १० जुलै, रात्री ११:०५

लॅम्डाचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं. आपल्या पहाटे साडेपाचला तिथे रात्रीचे बारा वाजतात. आमची संस्था सव्वापाचला उघडते. साडेपाचच्या आत जे दूध घालतात, त्यांची नोंद आदल्या दिवसाला पडत असणार. सासूबाई पाच-वीसलाच जातात.

---

दूधगंगाकाठ | १० जुलै, रात्री ११:५५

बसलो होतो ते उठून तपासलं. ताई, खरं आहे. मार्चपासून पहाटे साडेपाचच्या आधीच्या सगळ्या नोंदी आदल्या तारखेला आहेत. दहा दिवसांच्या बेरजेत एरवी फरक दिसत नाही, पण १, ११ आणि २१ तारखेचं पहाटेचं दूध मागच्या बिलाच्या तारखेत जातं. मागचं बिल तर आधीच निघालेलं असतं. म्हणजे ते दूध कुठल्याच बिलात नाही.

आज रात्री झोप नाही. सगळ्यांची यादी काढतो, ह्याच बिलात फरक देतो. तारीख आणि पाळी आता मशीनकडूनच घेणार.

---

पुण्यातला_बेळगावकर | ११ जुलै, सकाळी ७:३०

बिलाचं वेळापत्रकही बघा. इव्हेंटब्रिजचा (ठरल्या वेळी काम सुरू करणारी ॲमेझॉनची सेवा) जुना क्रॉन नियम यूटीसीतच चालतो. ११ तारखेच्या पहाटे चारला बिल काढायचं तर तिथे १० तारखेच्या रात्रीचे साडेदहा लिहावे लागतात, आणि फंक्शनला ‘आज’ विचारलं तर ते १० च सांगतं. इव्हेंटब्रिज शेड्युलर घ्या, त्यात टाइमझोन आशिया/कोलकाता देता येतो. तरीही बिलाचा कालावधी ‘आज’वरून काढू नका, पासून-पर्यंत तारखा निरोपातच घाला.

---

दूधगंगाकाठ | २६ जुलै, रात्री ९:३०

पंधरा दिवसांनी लिहितोय, कामात बुडालो होतो.

साडेपाचच्या आधीच्या नोंदींचा हिशोब पूर्ण झाला. ६११ उत्पादकांचा फरक निघाला, सगळा ह्या बिलात दिला, प्रत्येक संस्थेला यादी पाठवली आणि सचिवांना फोन करून चूक आमची होती हे सांगितलं.

रचना आता अशी आहे: एपीआय गेटवेच्या मागे क्यू, सर्व्हरवर पोस्टग्रेस आणि एकच वर्कर, मेसेज आणि बिलाचे पीडीएफ लॅम्डावर. पोस्टग्रेसची कनेक्शनं सात. नॅट गेटवे काढला. सर्व्हर टीथ्री-स्मॉलच ठेवला. दोन पाळ्यांच्या मध्ये तो सीपीयू क्रेडिट (न वापरलेली ताकद) साठवतो आणि पाळीला खर्च करतो, दुधाच्या कामाला हे बरोबर बसतं. काका, नोंदीची सेवा आणि दराची सेवा परत एकत्र केल्या, तुमचं ऐकून. दोघांना मिळून तीन भाग सांभाळता येतात, सात नाही.

परवा २४ ला परत रात्रभर पाऊस, कणकुंबीपासून खाली वीज नव्हती. ७:४० ला नोंदी आल्या, क्यूची लांबी २,८०० च्या वर गेली. आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसून ती उतरताना बघत होतो. चार मिनिटांत शून्य. डेड लेटर क्यू रिकामा.

ताई, तुमच्याकडे काय आलं ते सांगा.

---

खानापूरची_लेक | २६ जुलै, रात्री १०:१०

२४ चा फोन बघितला. मेसेज ७:४३ ला आलाय, एकच. स.पा. म्हैस, ३.९ लिटर, फॅट ७.०, वेळ ५:२१, तारीख २४. मागच्या बिलातला फरकही मिळाला. सासूबाईंनी संस्थेत विचारून खात्री करून घेतली.

एक राहिलंय. शेजारच्या घरी कन्नड बिल आलंय, त्यात आडनावातलं एक जोडाक्षर सुटं पडलंय. फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

दूधगंगाकाठ | २६ जुलै, रात्री १०:२५

पाठवा. उद्या सकाळ पाळी झाली की तेच घेतो.